निगमाची नोटीस आणि तिची खोली

माझ्या अशिलाच्या सासरच्या घराचा दुसरा मजला बेकायदा होता, हे खरंच होतं. नकाशा तळमजला आणि पहिला मजला एवढाच मंजूर; वरच्या दोन खोल्या मागाहून चढवलेल्या. तिच्या भावाने मुख्यमंत्र्यांच्या सीएम हेल्पलाइनला १८१ वर त्याची तक्रार केली, वर मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे सरकारी कार्यालयातल्या तक्रार-सुनावणीत, कागदही दिला. पण त्या दोन खोल्यांपैकी एकीत त्याचीच बहीण राहत होती, आणि तिथून तिला कोणी बाहेर काढू नये म्हणून आम्ही कोर्टात आलो होतो.

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात त्या दिवशी अंतरिम आवेदनावर युक्तिवाद होता. घरगुती हिंसा कायद्याच्या (२००५) कलम १२ खाली मूळ अर्ज, आणि कलम २३ खाली तातडीच्या मागण्या: १८ चं संरक्षण, १९ चा निवास, २० चा खर्च. समोरचे वकील उभे राहिले, पण मारहाणीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी तक्रारींचा गठ्ठा टेबलावर ठेवला. महानगरपालिका (इथल्या भाषेत निगम), आयकर विभाग, नवऱ्याची कंपनी, आणि नणंद शिकवते ती शाळा. "इन्हें घर में रहना नहीं है, घर तुड़वाना है," एवढंच म्हणाले. दंडाधिकाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीनंतर ऐकू असं सांगितलं.

सुट्टीत भाऊ माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, सगळं खरंच लिहिलंय. खोटं काय आहे त्यात?" त्याचा राग मला कळत होता. बहिणीच्या हातावरचे वळ त्याने पाहिले होते. पण बाहेरची तक्रार खरी आहे की खोटी, हा नंतरचा प्रश्न. आधी बघायचं ते हे, की आपण कोर्टाकडे जे मागतोय त्यातली कोणती मागणी या कागदाने बळकट होते. भावाने पाठवलेला कागदही समोरचे वकील बायकोच्याच खात्यावर मांडतात, आणि पुढे नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला की तोच कागद तिथे क्रूरतेचा पुरावा म्हणून हजर होतो. के. श्रीनिवास राव खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने निराधार आणि बदनामीकारक तक्रारींना मानसिक क्रूरता म्हटलं. जॉयदीप मजुमदार खटल्यात (२०२१) नवरा सैन्यातला अधिकारी. बायकोने त्याच्या वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारींनी त्याच्या नोकरीची हानी झाली, आणि त्याच आधारावर त्याला घटस्फोट मिळाला.

कंपनीला लिहिलेलं पत्र म्हणूनच सर्वांत घातक होतं. नवऱ्याची नोकरी हाच आपल्या पोटगीचा आधार. कलम २०(६) प्रमाणे कोर्ट मालकाला थेट आदेश देऊ शकतं, की पगारातून रक्कम कापून पत्नीला द्या किंवा कोर्टात भरा. कंपनीला यात आणायचं तर या दाराने आणावं. पगार लपवलाय असं वाटत असेल, तर रजनेश विरुद्ध नेहा निकालाने (२०२०) दोन्ही पक्षांना उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलंय. त्यातली एकेक ओळ बँकेच्या विवरणाशी ताडून पाहावी, आणि पगारपत्रकासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज द्यावा.

शाळेची तक्रार तर निव्वळ रागाची. नणंद लग्न होऊन देवासला. माझी अशील सून म्हणून आल्यापासून ती त्या घरात कधी राहिलीच नव्हती. या कायद्यात प्रतिवादी व्हायला एका घरात सोबत राहिल्याचा संबंध लागतो. तिचं नाव मी मूळ अर्जातच घेतलं नव्हतं.

दुपारी आम्ही काहीही लपवलं नाही. चारही तक्रारींचं एक शपथपत्र केलं: कोणी, कुणाकडे, कोणत्या तारखेला दिली, सध्या कुठे आहे. कंपनी आणि शाळेची पत्रं भावाने लेखी मागे घेतली, त्या प्रती जोडल्या. हेल्पलाइनची तक्रार तक्रारदाराच्या म्हणण्यावरून बंद होते, पण पालिकेने एकदा नोटीस काढली की ती प्रक्रिया आपल्या वाटेने चालते. तक्रार मागे घेतली म्हणून मंजूर नसलेली खोली मंजूर होत नाही. तेही शपथपत्रात स्पष्ट लिहिलं. सोबत मूळ अर्जातल्या मागण्यांत दुरुस्ती करण्याचा अर्ज दिला: हा मजला उतरवावा लागला, तर कलम १९(१)(च) प्रमाणे त्याच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं मिळावं. अशी दुरुस्ती या कायद्यात चालते, हे कुनापरेड्डी निकालाने (२०१६) पक्कं केलंय.

बाहेरच्या सगळ्याच तक्रारी टाकाऊ नसतात. या प्रकरणातल्या दोन सोन्यासारख्या होत्या, आणि त्या आमच्या माणसांनी केलेल्याच नव्हत्या. शेजारच्या काकूंनी एका रात्री आरडाओरडा ऐकून पोलिसांना १०० वर फोन केला होता; आणि थोरल्या सुनेने काही वर्षांपूर्वी महिला थान्यात अर्ज दिला होता. असे कागद फोटोकॉपी जोडून भागत नाही. फोनची नोंद आणि थान्यातला जुना अर्ज कोर्टाच्या आदेशाने मागवायचा, तोही लगेच, कारण अशा नोंदी कायम जपून ठेवत नाहीत. काकूंचं शपथपत्र वेगळं. त्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यात आवाज आला असेल, तर डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, त्याच आठवड्यात उतरवून घ्यायचा. घरगुती यंत्रात बहुधा पंधरवडा ते महिनाभरात जुनं पुसलं जातं. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (२०२३) कलम ६३ चं प्रमाणपत्र, ज्याचा डीव्हीआर त्याच्या आणि तज्ज्ञाच्या सहीने. हे नसलं की चांगला पुरावा हरकतीत अडकतो.

अंतरिम आदेश पुढच्या पेशीला आला. खोलीतून काढू नये, मजला गेला तर भाडं द्यावं, महिन्याचा खर्च पगारातून वळता व्हावा. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत विनामूल्य मिळते, थान्यालाही जाते. मी तिला सांगितलं, "एक प्रत पर्समध्ये ठेव. सासूबाईंनी वरच्या जिन्याला कुलूप लावलं तर दादाला नाही, आधी थान्यात फोन कर." संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ आहे: एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेश झाल्यावर बाहेर करायची तक्रार ती हीच.

आयकराची तक्रार मात्र परत येत नाही. त्यात भावाने लिहिलं होतं, लग्नात वडिलांनी आठ लाख रोख दिले. घेणाऱ्याला अडचण आहेच, कारण दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला २०१७ पासून बंदी आहे. पण पहिला प्रश्न देणाऱ्यालाही येऊ शकतो: पैसे आणले कुठून? हुंडा देणं हाही १९६१ च्या कायद्याने गुन्हा. कलम ७(३) पीडित व्यक्तीला तिच्या जबाबापुरतं संरक्षण देतं, म्हणून तो जबाब अर्जात आधीपासून नीट नोंदलेला असावा लागतो. वडिलांची भविष्यनिधीची कागदपत्रं, मोडलेल्या ठेवींच्या पावत्या आणि लग्नाआधीच्या महिन्यांची पासबुकं आम्ही आता तारखेनुसार लावतो आहोत.