प्राग ते कुत्ना होरा: एकटीने केलेली एका दिवसाची रेल्वे सहल

कुत्ना होरा या चेक प्रजासत्ताकातल्या एका लहानशा गावाच्या नावाची तीन रेल्वे स्थानकं आहेत. दिवस गाव बघण्यात जाणार की पायपिटीत, हे बरंचसं तिथेच ठरतं. म्हणून आधी स्थानकांबद्दल लिहिते, चर्च आणि खाणी नंतर.

प्रागहून येणारी जलद गाडी थांबते ते 'ह्लाव्नी नाद्राझी', म्हणजे मुख्य स्थानक. नावावरून ते गावाच्या मध्यात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते सेडलेत्स या उपनगराच्या कडेला आहे आणि जुनं गाव तिथून सुमारे ३ किलोमीटर. मुख्य लोहमार्ग गावाला बाजूला ठेवून गेला आणि गावात शिरायला एक वेगळा फाटा काढला. त्या फाट्यावर छोटी डिझेल गाडी धावते. तिचा एक थांबा 'सेडलेत्स' आणि पुढचा 'म्येस्तो'. म्येस्तो म्हणजे शहर, आणि जुन्या गावाला जवळचं स्थानक हेच. तिकीट काढताना यादीत ही तिन्ही नावं एकाखाली एक दिसतात.

मी जाताना मुख्य स्थानकाचं आणि येताना म्येस्तोहून प्रागचं तिकीट घेतलं. सकाळी सेडलेत्स पायी बघायचं, मग गावात जायचं आणि संध्याकाळी गावातूनच परतायचं, असा हिशोब. उलट दिशेने मागे चालत यावं लागत नाही. म्येस्तोपर्यंतचं तिकीट घेतल्यास फाट्यावरच्या गाडीसाठी वेगळं तिकीट लागत नाही.

तिकीट चेस्के द्राही या राष्ट्रीय रेल्वेच्या 'मूय व्लाक' ॲपवर मिळतं. त्यात प्रवाशाचं नाव घालावं लागतं, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच घाला. परदेशी माणसाने पासपोर्ट सोबत ठेवावा असा तिथला कायदाच आहे, त्यामुळे तो हॉटेलवर ठेवून निघू नका. स्वस्तातलं तिकीट घेताना एक पाहा: ते ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. जाताना ते चालतं, कारण सकाळची वेळ आपल्या हातात असते. परतीला मात्र साधं तिकीट घ्यावं. खाणीतला फेरफटका लांबला तर चार पैसे वाचवायच्या नादात धावत सुटावं लागतं. तिकीट फोनमध्ये असल्याने पॉवर बँकही हवीच.

प्रागचं मुख्य स्थानक मेट्रोच्या लाल, म्हणजे सी मार्गावर आहे. मेट्रोचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर ते असूनही दंड होतो. रेल्वेच्या तिकिटाला हे करावं लागत नाही, ते गाडीत टीसी तपासतो. स्थानकात दोन शब्द ओळखता आले की पुरे: 'ओदयेझ्द' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या आणि 'प्रीयेझ्द' म्हणजे येणाऱ्या. फलाट आणि रूळ यांचे आकडे वेगळे असतात, एकाऐवजी दुसरा वाचला की चुकीच्या जिन्याने वर जातो. फलाट बोर्डावर गाडी सुटायच्या थोडंच आधी लागतो. तोवर खालच्या दालनात थांबावं. 'स्पोझ्द्येनी' हा रकाना उशिराच्या मिनिटांचा, त्यावर लक्ष ठेवा.

बोर्डावर कुत्ना होरा शोधत बसू नका. गाडी पुढे हावलिचकूव ब्रॉड किंवा ब्रनोला जाते आणि बोर्डावर ठळक नाव तेच असतं. गाडीचा क्रमांक पाहून चढावं. काही वेळा कोलीनला गाडी बदलावी लागते, पण थेट गाडी मिळाली तर सुमारे तासाभरात पोहोचता येतं. जागा राखून ठेवायची गरज नाही. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी घरी जाणाऱ्या-येणाऱ्या विद्यार्थ्यांची गर्दी असते. सहलीला मंगळवार ते गुरुवार चांगले. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात आणि सोमवारी चांदीचं संग्रहालय बंद.

मुख्य स्थानकातून सेडलेत्सचं मोठं चर्च दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. ते सिस्टर्शियन या कॅथलिक साधुसंघाच्या मठाचं. हा मठ ११४२ साली स्थापन झाला. धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या, म्हणजे हुसाइट युद्धांत १४२१ मध्ये तो जाळला गेला, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सांतिनी या वास्तुकाराने चर्च पुन्हा उभं केलं. जवळच अस्थिघर, 'कोस्त्नित्से'. तिथे दारातच तिकीट मिळेल असं समजून लोक थेट जातात आणि परत फिरतात. तिकीट चर्च आणि अस्थिघर यांच्या मधल्या माहिती केंद्रात मिळतं. चर्च, अस्थिघर आणि गावातलं संत बार्बोराचं मंदिर (हेही चर्चच) यांचं एकत्रित तिकीट तिथेच घेतलं, म्हणजे दुपारी पुन्हा रांग नको.

अस्थिघरात किमान ४०,००० माणसांच्या अस्थी असल्याचं मानलं जातं. १२७८ मध्ये इथल्या मठाधिपतीने जेरुसलेमहून गोल्गोथाची, म्हणजे येशूला क्रुसावर चढवलं त्या जागेची, माती आणून दफनभूमीत टाकली आणि इथे पुरलं जावं म्हणून लांबून लोक येऊ लागले. पुढे १३४८ ची प्लेगची साथ, मग हुसाइट युद्धं. आज दिसते ती रचना, झुंबरासकट, १८७० मध्ये फ्रान्तिशेक रिंट या लाकूडकाम करणाऱ्याने केली. २०२० पासून आत फोटो काढायला मनाई आहे. हा नियम मला मनापासून योग्य वाटतो. ही सगळी कुणाची तरी माणसं होती. सहलींच्या बस येण्याआधी, उघडताक्षणी गेलात तर दहा मिनिटं शांतपणे उभं राहता येतं. त्यासाठीच पहाटे उठायचं. एरवी ही जागा अर्ध्या तासात होते, आणि अर्धा दिवस इथेच घालवून गाव घाईत उरकणं ही सर्रास होणारी चूक आहे.

सेडलेत्सहून गावात जायला बस आहे, फाट्यावरची गाडी आहे किंवा सरळ रस्त्याने अर्धा-पाऊण तास चालता येतं. मी गाडीची वेळ जुळली तर गाडी, नाहीतर बस, असं ठरवलं होतं. चालण्याचं बळ जुन्या गावासाठी राखून ठेवावं. तिथले रस्ते दगडी आहेत आणि चढउतारही भरपूर. पातळ तळव्यांच्या चपला नकोत.

हे गाव चांदीवर उभं राहिलं. राजा वेन्सेस्लास दुसरा याने १३०० मध्ये इटलीतले जाणकार बोलावून नाणेपद्धत सुधारली आणि प्रागचा ग्रोश नावाचं चांदीचं नाणं इथल्या टांकसाळीत पाडलं जाऊ लागलं. ती टांकसाळ म्हणजे 'व्लाश्स्की द्वूर', इटालियन वाडा. तो मार्गदर्शकाबरोबरच बघायला मिळतो, म्हणून इंग्रजी फेरीची वेळ आधी विचारून घ्या. शेजारीच 'ह्रादेक' या जुन्या गढीत चांदीचं संग्रहालय आहे. तिथल्या लांब फेरीत खाणीत उतरवतात. तिला दीड तास धरावा. खाण कामगारांसारखा पांढरा अंगरखा, हेल्मेट आणि दिवा देतात. बोगदा काही ठिकाणी इतका अरुंद आणि ठेंगणा की खांदे तिरके करून, वाकून जावं लागतं. बंद जागेची भीती वाटत असेल किंवा गुडघे दुखत असतील तर जाऊ नये. आत बारमाही गारवा असतो, जुलैतसुद्धा जाकीट लागतं. जागा मोजक्या असतात, आधी नोंदवाव्यात. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो संत बार्बोराच्या मंदिराला. बार्बोरा ही खाणकामगारांची रक्षक संत. बांधकाम १३८८ मध्ये सुरू झालं आणि संपलं १९०५ मध्ये. चांदी आटत गेली तसा पैसा आटला. १५५८ मध्ये तात्पुरती भिंत घालून काम थांबवलं, आणि ठरलं होतं त्याहून इमारत आखूडच राहिली. आत गेल्यावर नजर छताकडे जाते, पण बाजूच्या छोट्या दालनांत जरूर शिरा. तिथे पंधराव्या शतकातल्या भित्तिचित्रांत नाणी पाडणारे कारागीर कामाला बसलेले आहेत. राजे आणि संत सगळीकडेच रंगवलेले असतात. हातोडा धरलेला माणूस चर्चच्या भिंतीवर क्वचितच भेटतो. पांढऱ्या अंगरख्यातल्या खाणकामगाराचा पुतळाही शोधा. खाणीतून वर आल्यावर तो बघितला की त्या पांढऱ्या कपड्याचं कारण, अंधारात माणूस दिसावा, आपोआप कळतं. म्हणूनच शक्य असेल तर खाण आधी आणि मंदिर नंतर असा क्रम लावा.

जेवणाचं: दुपारच्या जेवणाच्या वेळेत रेस्टॉरंटमध्ये 'देन्नी मेनू', म्हणजे त्या दिवसाची ठरावीक थाळी, स्वस्त पडते. शाकाहाऱ्यांनी 'बेझ मासा' हे दोन शब्द पाठ करावेत, अर्थ 'मांसाशिवाय'. चीजचा तळलेला तुकडा 'स्माझेनी सीर' आणि फळं भरलेले 'ओवोत्स्ने क्नेदलीकी' बहुतेक ठिकाणी मिळतात. लसणाचं सूप शाकाहारी वाटतं, पण ते अनेकदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, विचारून घ्यावं. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. स्वच्छतागृहासाठी मात्र कोरुना या चेक चलनाची थोडी नाणी खिशात असू द्या.

परतीचा हिशोब उलटा करा. आधी मुख्य स्थानकातून सुटणारी प्रागची गाडी ठरवा, मग तिला जोडणारी म्येस्तोची गाडी, मग मंदिरातून निघायची वेळ. मंदिर गावाच्या एका टोकाला, म्येस्तो दुसऱ्या बाजूला, म्हणून मध्ये २५ मिनिटं धरा. मुख्य स्थानकात दोन गाड्यांमधला वेळ थोडाच असतो आणि सामान्यतः फलाट बदलावा लागतो. डिझेल गाडी थांबायच्या आधीच दाराशी उभं राहावं. दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघू नका, बटण दाबावं लागतं.