सात आठवडे एका हेल्मेटपायी

आमच्या संभाजीनगरच्या कार क्लबात बावीस जण. समृद्धी सुरू झाल्यापासून नवी पोरं तिथंच वेग आजमावायला जायची, ते मला बघवेना. म्हणून शहराबाहेरचा एक खासगी डांबरी पट्टा भाड्यानं घेऊन महिन्यातून एक ट्रॅक डे, म्हणजे बंद मार्गावर आपापली गाडी वेगानं चालवायचा दिवस, करायचं ठरलं. सुरक्षेचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळं दोन बैठकांत उरकलं. अडलं ते हेल्मेटवर.

आमचा नियम होता: हेल्मेट 'स्नेल एसए' दर्जाचंच, २०१५ किंवा त्यानंतरचं. स्नेल ही हेल्मेटं तपासणारी अमेरिकी संस्था. एसए म्हणजे मोटारींच्या शर्यतीसाठीचं. त्याची आगीतली चाचणी झालेली असते. दुचाकीच्या 'एम' दर्जात ती नसते.

परवानगीच्या कार्यालयात मसुदा दिला. साहेबांनी ती एकच ओळ वाचली. "आयएसआय कुठंय? त्याशिवाय चालत नाही."

"साहेब, ते दुचाकीसाठी आहे. आयएसआयचं जे मानक आहे, आयएस ४१५१, त्याचं नावच तसं आहे. २०२१ पासूनची सक्तीसुद्धा दुचाकीच्याच हेल्मेटला."

"कागद ठेवून जा."

ठेवून आलो. सोमवारी गेलो, तर शिपाईमामा म्हणाले, "साहेब मीटिंगला गेलेत, बुधवारी बघा." बुधवारी खुर्चीत दुसरेच साहेब, मग पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या आठवड्यात एकानं सुचवलं, नुसतं 'हेल्मेट' लिहा, लगेच सही होईल. मी नाही म्हणालो. तसं लिहिलं असतं, तर रस्त्याकडेला टोपल्यात मिळणारी टोपी घालूनही कुणी आला असता आणि त्याला अडवायला माझ्या हातात काही उरलं नसतं. त्या सूचनेचा राग अजून जात नाही.

शेवटी एक दुचाकीचं आणि एक एसए, अशी दोन्ही हेल्मेटं पिशवीत घालून नेली आणि टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. अस्तर उचलून आतलं स्नेलचं लेबल दाखवलं. वरच्या साहेबांनी हात लावून पाहिलं आणि एक ओळ वाढवायला सांगितली: 'फक्त बंद मार्गावर, मोटारीत वापरासाठी.' दहा मिनिटांत सही. बाहेर येऊन मी पायरीवर बसूनच राहिलो. म्हणून सांगतो, कागदाआधी वस्तू न्या.

आमचे बाकीचे नियम असे. गाडीत अग्निशामक दोन किलोचा, एबीसी पावडरचा, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात. तो लोखंडी पट्टीनं बोल्टवर पक्का हवा, कारण प्लास्टिकची क्लिप जोराच्या ब्रेकला सुटते.

चार पट्ट्यांचा बेल्ट आम्ही बंद केला. मांड्यांमधला पट्टा नसेल, तर धडकेत माणूस खालून सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. शिवाय रोल केज, म्हणजे छताला आतून आधार देणारा लोखंडी सांगाडा, नसताना छत दबलं, तर खांदे बांधलेल्या माणसाला बाजूला झुकता येत नाही. साध्या गाडीला कंपनीचा तीन टोकांचा बेल्टच बरा.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

पहिल्या दिवशी फाटकावरूनच तीन गाड्या परत पाठवल्या. एक माझ्या मेव्हण्याची होती. सीटखाली पाण्याची बाटली गडगडत होती, ती ब्रेकखाली अडकली असती. बाटली, मॅट, डिकीतली स्टेपनी सगळं उतरवून तो दुपारी पुन्हा आला, तेव्हा सोडलं.

आणि हो, मसुदा देताना शिक्क्याची पोच घ्या. साहेब बदलले तेव्हा माझ्याकडे ती नव्हती, तिथंच दोन आठवडे गेले.