इंग्लंडातला सॉलिसिटर: पैसे कसे जपले जातात आणि तक्रार कुणाकडे न्यायची

स्लाऊ किंवा लेस्टरला घर घेणाऱ्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी व्यवहार पुरा होईपर्यंत एका अनोळखी माणसाच्या खात्यात पडलेली असते. तो माणूस म्हणजे सॉलिसिटर, घरखरेदीसारखी कायद्याची कामं करून देणारा वकील. त्याच्यावर कोण लक्ष ठेवतं हे बहुतेक जण पैसे अडकल्यावर शोधायला लागतात, आणि तेव्हाही चुकीच्या कार्यालयाला पत्र लिहून दोन-तीन महिने घालवतात.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी.

लॉ सोसायटी ही सॉलिसिटरांची संघटना. पूर्वी त्यांची बाजू मांडणं आणि त्यांच्यावर कारवाई करणं ही दोन्ही कामं तीच करायची. 2007 च्या लीगल सर्व्हिसेस कायद्याने ती वेगळी झाली. आता नियमनाचं काम सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी, म्हणजे एसआरए, पाहते आणि एसआरएवर लीगल सर्व्हिसेस बोर्डाची नजर असते.

‘सॉलिसिटर’ ही पदवी कायद्याने राखीव आहे. नसताना तसं म्हणवून घेणं गुन्हा ठरतो. ‘लॉयर’ मात्र कुणीही म्हणवून घेऊ शकतो, आणि मृत्युपत्र लिहून देण्याचा धंदाही कुणालाही खुला आहे. व्हिसाचं काम करणारा ‘कन्सल्टंट’ बहुधा एसआरएच्या कक्षेत येतच नाही. त्याच्यासाठी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी आहे. म्हणून काम देण्याआधी एसआरएच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत माणसाचं आणि फर्मचं नाव शोधावं. फर्मच्या संकेतस्थळावर एसआरएचा बिल्ला असायलाच हवा. तो क्लिक करून पाहावा, नुसतं चित्र कुणीही चिकटवतं. घरखरेदी, प्रोबेट (मृताच्या मालमत्तेची कायदेशीर व्यवस्था) आणि आश्रय वगळता इमिग्रेशनची कामं घेणाऱ्या फर्मला त्यांचे दरही तिथे जाहीर करावे लागतात.

आता पैशांकडे. ग्राहकाची रक्कम क्लायंट अकाउंटमध्ये, फर्मच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. खात्याच्या नावात ‘क्लायंट’ हा शब्द असावा लागतो. आपली फी त्यातून वळती करण्याआधी फर्मने बिल द्यायला हवं. तूट सापडली तर ती लगेच भरून काढायची. दर पाच आठवड्यांनी निदान एकदा बँकेचं स्टेटमेंट, रोकडवही आणि ग्राहकवार खतावणी यांची तिहेरी जुळवणी करून जबाबदार व्यक्तीने त्यावर सही करायची. कायदेशीर कामाशी संबंध नसलेले पैसे या खात्यातून फिरवायला मनाई आहे. ‘भावाचे पैसे आठवडाभर तुमच्याकडे ठेवा’ म्हटल्यावर चांगला सॉलिसिटर नकार देतो तो यामुळे.

वर्षाकाठी हिशेबनीसाचा अहवाल होतो, पण एसआरएकडे पाठवायचा तो फक्त आक्षेप असलेला. आक्षेप नसेल तर अहवाल फर्मच्या कपाटातच राहतो. माझ्या मते सगळ्या रचनेतली ही सर्वात पातळ जागा आहे, कारण हिशेबनिसाला दाखवलेली कागदपत्रंच खोटी असतील तर आक्षेप येणार कुठून? 2023 मध्ये ॲक्सिअम इन्स ही फर्म बंद पडली तेव्हा क्लायंट अकाउंटमधले सुमारे 6 कोटी 40 लाख पौंड गायब होते. लीगल सर्व्हिसेस बोर्डाने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने 2024 मध्ये ठपका ठेवला तो एसआरएवरच: पुरेशी आणि परिणामकारक पावलं उचलली नाहीत म्हणून. भुर्दंड बाकीच्या प्रामाणिक फर्मना पडला; पैसे बुडालेल्या ग्राहकांसाठी फर्मच्या वर्गणीतून चालणाऱ्या एसआरएच्या भरपाई निधीची वर्गणी पुढच्या वर्षासाठी 660 वरून 2,220 पौंडांवर गेली.

तक्रारीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. मुंबईहून आलेल्याला हे खटकतं. आपल्याकडे 1977 पासून ॲटर्नी, म्हणजे सॉलिसिटर, हा वकिलांचा वेगळा वर्ग उरला नाही. सॉलिसिटरची परीक्षा आजही होते, पण गैरवर्तनाची तक्रार जाते ती ॲडव्होकेट कायद्याच्या कलम 35 खाली बार कौन्सिलकडेच.

इंग्लंडात उशीर, फोन न उचलणं, फुगवलेलं बिल, हलगर्जी असली सेवेची तक्रार आधी फर्मकडेच लेखी करायची. तिला आठ आठवडे मिळतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लीगल ओम्बड्समन, म्हणजे वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी निवारणारं स्वतंत्र कार्यालय. अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांत आणि प्रकार घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून एका वर्षात जावं लागतं. ग्राहकाला खर्च नाही, आणि भरपाई 50,000 पौंडांपर्यंत मिळू शकते. बहुतेक अर्ज परत येतात ते फर्मकडे न जाता थेट इथे आल्यामुळे किंवा मुदत हुकल्यामुळे. म्हणून पहिल्या पत्रावर ‘तक्रार’ असं स्पष्ट लिहावं आणि तारखेची नोंद ठेवावी.

अप्रामाणिकपणा, पैशांची अफरातफर, खोटी माहिती असेल तर एसआरए. पण एसआरए तुम्हाला भरपाई देत नाही. ती ताकीद देते, साधारणपणे 25,000 पौंडांपर्यंत दंड करते, गंभीर प्रकरण सॉलिसिटर्स डिसिप्लिनरी ट्रायब्युनल या स्वतंत्र शिस्तभंग न्यायाधिकरणापुढे नेते. सनद काढून घेण्याचा अधिकार त्या ट्रायब्युनलचा. 2019 पासून तिथे पुराव्याची पट्टी फौजदारीऐवजी दिवाणी खटल्याची आहे, म्हणजे ‘शक्यता जास्त’ एवढं पुरतं.

पैसेच बुडाले असतील तर भरपाई निधी. मर्यादा 5 लाख पौंड, मुदत नुकसान कळल्यापासून बारा महिने, आणि तो शेवटचा उपाय: फर्मचा सक्तीचा विमा लागू होत असेल तर आधी तिकडे जायचं. निधीतून पैसे मिळणं हा हक्क नाही, निर्णय एसआरएच्या विवेकावर आहे.

ईमेल हॅक करून ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा निरोप धाडण्याची फसवणूक मात्र सर्रास चालते, आणि तिथे पैसे तुम्ही स्वतःच भलत्या खात्यात पाठवलेले असतात. सॉलिसिटरने काही चोरलेलं नसतं, त्यामुळे या निधीच्या भरवशावर राहू नये. खाते क्रमांक कामाच्या सुरुवातीलाच लेखी घ्यावा. बदलाचा निरोप आला तर ईमेलमधला नंबर न वापरता एसआरएच्या नोंदवहीतला किंवा पहिल्या पत्रावरचा नंबर फिरवून खात्री करावी, आणि आधी थोडीशी रक्कम पाठवून ती पोहोचल्याचं फोनवर विचारावं.