ब्लूजची इलेक्ट्रिक गिटार: बेंडवरून निवड आणि सेटअपच्या नोंदी

नोंद १ : यादी

बडी गायची स्ट्रॅटोकास्टर, मडी वॉटर्सची लाल टेलिकास्टर, बी. बी. किंगची ‘ल्युसिल’ म्हणजे गिब्सनची सेमी-हॉलो (अर्धपोकळ बॉडीची), फ्रेडी किंगची ईएस-३४५ (तीही गिब्सनची सेमी-हॉलो), आल्बर्ट किंगची फ्लाइंग व्ही. पाच माणसं, चार घाट, आणि ब्लूज सगळ्यांचाच. त्यामुळे ‘अमुक वादकाकडे अमुक गिटार’ या वाटेनं यादी लहान होत नाही. पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग) दोन वेटोळ्यांचा हंबकर की एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल हा वादही नंतरचा. ब्लूजमध्ये अर्धं बोलणं तार खेचून होतं, म्हणून चाळणी लावली ती एकाच प्रश्नाची: या गिटारवर बेंड, म्हणजे तार खेचून चढवलेला स्वर, कसा होतो?

यादीत चार घाट राहिले. स्ट्रॅट, टेली, गिब्सन ईएस-३३५ धाटणीची सेमी-हॉलो (एपिफोन डॉट वगैरे), आणि हंबकर-सिंगल-सिंगल अशी यामाहा पॅसिफिका ११२व्ही.

स्केल म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) वाजणाऱ्या तारेची लांबी. फेंडर घाटात ती २५.५ इंच (६४८ मिमी), गिब्सन घाटात २४.७५ इंच (६२९ मिमी). त्याच जाडीची तार, तोच स्वर, तरी छोट्या स्केलवर ताण सुमारे ६ टक्के कमी. बोटाला हा फरक लगेच कळतो. पण स्ट्रॅट अर्धा स्वर खाली, म्हणजे ई फ्लॅटला लावली तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. स्केल लांब म्हणून फेंडर बाद करायचं कारण नाही. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन ०.०१३ इंचाची पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार वापरायचा हे सगळे सांगतात. तो ई फ्लॅटला लावायचा हे सांगायचं राहून जातं. (सुरुवातीला ०.०१३ च्या वाटेला जाऊच नका. नटच्या खाचा कापाव्या लागतात आणि मनगट दुखतं ते वेगळंच.)

फिंगरबोर्डची गोलाई जास्त महत्त्वाची. जुन्या धाटणीच्या फेंडरवर रेडियस ७.२५ इंच असतो, हल्लीच्या बहुतेकांवर ९.५, गिब्सन घाटावर १२. रेडियस लहान तितका बोर्ड जास्त फुगीर. पहिली तार खेचली की ती कडेवरून उंचवट्याकडे चढते, पुढच्या फ्रेटला (बोर्डवरची धातूची आडवी पट्टी) टेकते आणि स्वर मधेच मरतो. यालाच तार ‘चोक’ होणं म्हणतात. ७.२५ वर कॉर्ड धरायला मजा येते, पण बेंडसाठी ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर ठेवावी लागते. त्या कारणानं ७.२५ वाली मॉडेलं यादीतून गेली.

नोंद २ : दुकानातली परीक्षा

ॲम्प बंद. आधी ट्यूनरवर गिटार लावून घ्यायची. दुकानात टांगलेली गिटार सुरात असेल असं धरून चालू नये.

पहिली तार, बारावा ते सतरावा फ्रेट, प्रत्येकावर पूर्ण स्वराचा बेंड. कुठे चोक होते ते ऐकायचं. एकाच फ्रेटवर होत असेल तर तो फ्रेट किंवा त्याच्या पुढचा कमीजास्त उंच आहे आणि काम फ्रेट घासण्यापर्यंत जातं. ती गिटार परत टांगावी. सगळीकडे सारखी होत असेल तर बहुधा ॲक्शन वाढवून सुटतं.

दुसरी परीक्षा युनिसन बेंडची. दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट (ई), तिसऱ्या तारेवर सातवा (डी) खेचून ई वर न्यायचा, दोन्ही एकदम. तरंगत्या ट्रेमोलोवर, म्हणजे स्ट्रॅटच्या स्प्रिंगांनी तोललेल्या हलत्या ब्रिजवर, तिसरी तार खेचली की ब्रिज पुढे ओढला जातो आणि दुसरी तार उतरते. स्वर जुळतच नाहीत, ‘वॉव-वॉव’ असे ठोके ऐकू येतात. हा दोष नव्हे, त्या ब्रिजचा स्वभाव आहे. टेली आणि ३३५ वर ही अडचण नाही.

तिसरी: तिसऱ्या तारेवर दहा बेंड सलग, मग पुन्हा ट्यूनर. तार उतरली असेल तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. नटच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला तार बोटानं दाबली आणि स्वर जागेवर आला तर निदान पक्कं.

आता ॲम्प चालू. सिंगल कॉइल गुणगुणणारच. घरच्या ५० हर्ट्झ विजेचा तो आवाज. तारांना हात लावल्यावर घूं कमी होते, ते ठीक. पण हात लावल्यावर मुंग्या आल्या तर गिटार नव्हे, सॉकेटचं अर्थिंग तपासायचं. तीन पिनांच्या ॲम्पला दोन पिनांचा ॲडॅप्टर लावणं हा जिवाशी खेळ आहे.

निवड झाली ती ९.५ रेडियसच्या स्ट्रॅट घाटाची. मधला पिकअप उलट्या वेटोळ्याचा आणि उलट्या चुंबकाचा, त्यामुळे पिकअप निवडायच्या पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, घूं गायब. सेमी-हॉलोचा स्वर भरदार आहे, बेंडही सोपा. पण छोट्या खोलीत ॲम्पसमोर आवाज चढवला की पोकळ भाग घुमून फीडबॅक देतो. टेली हुकली ती थोडक्यात: तिच्यावर चौथी जागा नाही.

नोंद ३ : सेटअप

क्रम महत्त्वाचा: तारा, ब्रिज, रिलीफ (मानेचा किंचित बाक), ॲक्शन, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर खरा लागणं), शेवटी पिकअपची उंची. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक काम दोनदा करावं लागतं.

तारा १०-४६ (०.०१०, ०.०१३, ०.०१७, ०.०२६, ०.०३६, ०.०४६). खुंट्यांवर दोन-तीनच वेढे, खालच्या दिशेनं. लावल्यावर प्रत्येक तार हातानं ओढून पुन्हा लावायची, ती उतरायची थांबेपर्यंत.

ब्रिज बसवला. मागचं झाकण काढून तीनऐवजी पाच स्प्रिंगा, आणि पंजाचे (स्प्रिंगा अडकवायची पट्टी) दोन्ही स्क्रू ब्रिजची पट्टी बॉडीला टेकेपर्यंत आवळले. तिसरी तार पूर्ण स्वर खेचून पाहिली; पट्टी किंचित उचलली जात होती, म्हणून प्रत्येक स्क्रूला अर्धा फेरा आणखी. आता युनिसन बेंड जुळतो. ट्रेमोलोनं स्वर खाली नेता येतो, वर नाही. ब्लूजला एवढं पुरतं, आणि वाजवताना एक तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात.

रिलीफ: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबलेला, आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट. मोजायला मोटरसायकलचे टॅपेट सेट करायचं फिलर गेज चालतं. मिळाली ०.४० मिमी, हवी ०.२५. ट्रस रॉडला (मानेतली सळई) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, रात्रभर थांबून पुन्हा मोजणी: ०.२७. तिथेच सोडलं. ॲलन की घट्ट बसणारीच हवी; इंच-मिलिमीटरची गफलत झाली की रॉडचा नट गोल होतो आणि मग साधा कारागीर हात लावत नाही. पावसाळा लागल्यावर आणि थंडीत रिलीफ पुन्हा मोजावी, लाकूड हलतं. कोकणपट्टीत तारांना गंज लवकर चढतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात बोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हाताला कचकच लागतात.

ॲक्शन बाराव्या फ्रेटवर: सहावी तार २.० मिमी, पहिली १.७, मधल्या तारा बोर्डच्या गोलाईनुसार. ‘जितकी खाली तितकी चांगली’ हा समज ब्लूजला लागू नाही. फार खाली ठेवली की खेचताना बोट शेजारच्या तारेखाली न शिरता तिच्यावर चढतं, ती निसटते आणि मधेच झणकते. थोडी उंची असली की बोट तिच्याखाली शिरतं.

इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे.

पिकअप: शेवटचा फ्रेट दाबून सहाव्या तारेखाली २.४ मिमी, पहिलीखाली २.० मिमी. जवळ आणले तर आवाज वाढतो खरा, पण चुंबक जाड तारांना ओढतात आणि वरच्या फ्रेटवर एकाच स्वराचे दोन स्वर ऐकू येतात. ट्यूनरचा काटाही थरथरतो. मग माणूस इंटोनेशन दुरुस्त करत बसतो, आणि ते कधीच होत नाही.

नोंद ४ : बेंडची मोजणी

तिसरी तार, सातवा फ्रेट, डी ते ई: ट्यूनर समोर ठेवून तीन बोटांनी. अनामिका स्वरावर, मागची दोन आधाराला. एकट्या बोटानं खेचलं की स्वर ईच्या अलीकडेच अडकतो.

‘ए’मधल्या ब्लूजचा खरा कस तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, सी वर. ए हा सा धरला तर हा कोमल गंधार. तो शुद्ध गंधारापर्यंत न्यायचा नाही. अर्ध्या वाटेवर सोडायचा. ट्यूनर इथे उपयोगाचा नाही, कान लागतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ही जागा लवकर सापडते.

नोंद ५ : वायरिंग आणि उरलेलं

पारंपरिक स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉब नसतो, म्हणून तो कानात टोचतो. पाच जागांच्या स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनचा कान (वायर झाळायचं टोक) आणि ब्रिजचा मोकळा कान यांच्यात वायरचा छोटा तुकडा झाळला. दुसरा टोन आता दोघांचा. ६ वर ठेवल्यावर ब्रिज पिकअप सुसह्य झाला. पॉट (नॉबखालचे बदलते रोधक) २५०केच ठेवले. सिंगल कॉइलला ५००के लावले तर तीच टोच परत येते.

व्हॉल्यूम ७ वर ठेवून ॲम्पचा आवाज फाटायच्या काठावर आणला. सोलोला १०, बाकी वेळ ७. पेडल अजून नाही.

बाकी: तिसऱ्या तारेची नटमधली खाच. पेन्सिलीचं ग्राफाइट भरून तार अडकून सुटतानाचं ‘टिंग’ कमी झालं, गेलं नाही. सहा बेंडनंतर तार थोडी उतरतेच. ०.०१७ च्या तारेला ०.०२० ची कानस आणायची आहे. खुंट्यांच्या बाजूला उतार देत खाच फक्त रुंद करायची, खोल अजिबात नाही, नाहीतर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणेल आणि नटच बदलावा लागेल.