१ जानेवारी २००२ ची रीडिंग

सांगलीतल्या एका कॉलेजच्या संशोधन प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर मी बघतो. लोकांना वाटतं, विंडोज टाकलं की माझं काम संपलं. नवे पीसी माझ्याशिवायही चालतील. जीव अडकलाय तो नमुने तपासणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला जोडलेल्या जुनाट डब्यात. यंत्राच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, फक्त विंडोज एक्सपीवर चालतो, आणि एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबले. म्हणून त्याला नेट नाही, पेनड्राइव्हही नाही, डेटा सीडीवर काढायचा. पोरं हसतात. हसू देत.

परवा रात्री लाइट गेली. सकाळी जतहून येणाऱ्या पीएचडीच्या पोराने पीसी लावला, नमुने स्कॅन केले, आणि दुपारी आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडेना. ‘घड्याळ मागे नेलेलं आहे’ म्हणून लायसन्सने पाय रोवले. विभागप्रमुख म्हणाले, फॉरमॅट मारा. त्यांचा सगळ्यावर हाच उपाय. विक्रेत्याच्या माणसाने फोनवरच मदरबोर्ड गेल्याचं सांगून नव्या सिस्टीमचं कोटेशन देऊ केलं.

मी पोराला विचारलं, सुरू करताना काय दिसलं?

“सर, काहीतरी इंग्रजीत आलं, मी एफ-वन दाबलं.”

कॅबिनेट उघडलं. पीसी बंद असताना त्याचं घड्याळ आणि सेटिंग जपणारा सीआर २०३२ सेल, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ जाडीचा. असायला हवेत ३ व्होल्ट, मीटरवर दोनसुद्धा भरेनात. बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, सगळी सेटिंग मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवून ठेवलीत, प्रिंटर पोर्टच्या मोडसकट, कारण डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सची चावी, तिथेच बसतो. गणपती पेठेतून सेल आणला, सेटिंग भरली, तारीख लावली. सॉफ्टवेअर निमूट उघडलं.

पण सकाळच्या सगळ्या फाइलींवर १ जानेवारी २००२. द्रावणं तोवर बिघडलेली, पुन्हा स्कॅन करायची सोय नाही. पोराच्या गाइड मॅडम म्हणाल्या, “तारखा बदलून द्या ना, दोन मिनिटांचं तर काम.” दोन मिनिटांचंच आहे, मला येतंही. मी नाही म्हटलं. फाइली तशाच ठेवायच्या आणि खरी तारीख, सेल बदलल्याची नोंद लॉगबुकात करायची, असं माझं मत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांमुळे प्रबंधातलं इतरांच्या लिखाणाशी असलेलं साम्य दहा टक्क्यांच्या आत आणायला सगळे रात्रंदिवस वाक्यं फिरवतात, फाइलीची तारीख मात्र कुणी उघडून बघत नाही, हेही मला माहीत आहे. पोराला पुढच्या आठवड्यात प्रबंध द्यायचाय, त्याचा चेहरा बघवत नाही, आणि मी उगाच ताठरपणा करतोय का, हेही कळत नाही.

नोंद मी लिहिली आहे. मॅडमची सही अजून व्हायचीय.