भैरव गेला

रविवार, सकाळ. रात्री नीट झोप लागली नाही म्हणून लिहायला बसलेय. काल आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळाच्या, सेशनमध्ये भैरव हे एका खेळाडूचं कॅरेक्टर मेलं. तीन वर्षं चाललेल्या कॅम्पेनमधला, म्हणजे या लांबलचक गोष्टीतला, पहिला मृत्यू आणि तो माझ्या हातून, म्हणजे माझ्या फाशातून झाला. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि शत्रू चालवणारी, मीच ना.

झालं असं की दोरखंडाच्या पुलावरून पार्टी, म्हणजे सगळ्यांची कॅरेक्टर, पलीकडे चालली होती, मागे दोन ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, लागलेले, आणि भैरव म्हणाला तुम्ही व्हा पुढे, मी इथेच थांबतो. पाचव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, पूर्ण ठणठणीत असला तर ४४ हिट पॉइंट (अंगातला जीव मोजायचे गुण), पण त्या वेळी उरलेले फक्त १७. मी ओगरच्या वाराचा फासा टाकला, सगळ्यांसमोर टेबलाच्या मधोमध, आणि २० आला. क्रिट, म्हणजे सगळ्यात जबर वार. डॅमेज २३. कोणी काहीच बोललं नाही, भैरव खेळणाऱ्यानेच पेन्सिल उचलून शीटवर ० लिहिलं.

तो बेशुद्ध पडल्यावर ओगरने त्याला अजून एक फटका मारावा का, हे मला ठरवायचं होतं. पडलेल्या माणसावर जवळून वार लागला की तो आपोआप क्रिट धरला जातो आणि एका झटक्यात दोन डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) फेल होतात, म्हणजे जवळजवळ संपलंच. मी नाही मारलं. ओगरला पुलावर पळणारी माणसं दिसत होती, तो त्यांच्या मागे गेला. हे मी दया म्हणून केलं नाही हे मला स्वतःला नीट सांगायचंय, त्या प्राण्याने खरंच तेच केलं असतं.

मग डेथ सेव्ह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१४ च्या पाचव्या एडिशनमध्ये ० ला पडलेला खेळाडू स्वतःच्या प्रत्येक टर्नला वीस बाजूंचा फासा टाकतो, १० किंवा जास्त आलं तर पास, कमी आलं तर फेल, तीन पास झाले की जीव वाचला, तीन फेल झाले की गेला. २० आला तर १ हिट पॉइंट घेऊन उठतो, आणि १ आला तर दोन फेल धरायचे. पहिला आला ८. दुसरा १४, तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. आमची क्लेरिक, म्हणजे मंत्राने बरं करणारी, पुलाच्या पलीकडे, मध्ये ओगर, तिच्याकडे एकही स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची संधी) उरला नव्हता, ती शीट वरून खाली पुन्हा पुन्हा वाचत होती जसं काही नवीन सापडणार आहे. तिसरा फासा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि थांबला. १.

मला आतून वाटलं होतं म्हणावं की फासा कडेला टेकलाय, परत टाक. तोंडापर्यंत आलं होतं. नाही म्हटलं.

कारण आधीच्या कॅम्पेनमध्ये मी हे केलंय. तेव्हा स्क्रीनमागे, कोणाला फासे दिसणार नाहीत असे, रोल करायचे, एकदा १९ आला आणि मी ११ सांगितलं, कारण समोरची मैत्रीण त्या आठवड्यात आधीच थकलेली होती आणि तिची रोग (Rogue, म्हणजे चोराचं कॅरेक्टर) मरू नये असं मला मनापासून वाटलं. तिला कळलं. कसं ते माहीत नाही, माझ्या चेहऱ्यावरून असेल. ती तेव्हा काही बोलली नाही, पण त्यानंतर कोणी कधी पळालंच नाही, ड्रॅगन समोर आला तरी सगळे उभे, आणि एकदा तिने सहज म्हटलं, तू काय आम्हाला मरू देणार नाहीस. त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं कालच्या १ ने पण नाही लागलं. मी तिची रोग वाचवली होती असं मला वाटत होतं, पण मी तिच्याकडून तिचं धाडस काढून घेतलं होतं. तिने त्यानंतर जे जे शूरपणे केलं त्याला काही किंमतच उरली नाही, आणि ते तिला माहीत होतं.

म्हणून या कॅम्पेनच्या आधी, सेशन झिरोला, मी सगळ्यांना विचारलं की कॅरेक्टर मेलेलं चालेल का. प्रत्येक गेममध्ये चालायलाच हवं असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ० म्हणजे सरळ मेला, मध्ये काही नाही. ट्रॅव्हलर नावाच्या अशाच दुसऱ्या खेळाच्या १९७७ च्या नियमांत तर कॅरेक्टर बनवता बनवताच मरू शकतं. पॅरानोइया या खेळात प्रत्येकाला सहा क्लोन, तिथे मरणं हीच मजा. आणि फेट या खेळात हरतोय असं दिसलं की खेळाडू स्वतः माघार घेऊ शकतो, मग त्याचं काय होतं यात त्यालाही बोलता येतं. हे सगळं बरोबरच आहे, फक्त टेबलावर बसलेल्यांना आधी माहीत हवं. आमच्यातले चौघंही म्हणाले चालेल, फासे उघड्यावर टाक.

तरी काल मी एक दार उघडं ठेवलं होतं. क्लेरिकच्या पिशवीत ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा आहे, रिव्हिव्हिफायसाठी, म्हणजे नुकत्याच मेलेल्याला उठवायच्या मंत्रासाठी, जपून ठेवलेला, पण तो स्पेल एका मिनिटाच्या आत टाकावा लागतो आणि स्लॉट तर संपलेले. मग मी म्हटलं, चार दिवसांच्या वाटेवर देऊळ आहे, तिथली पुजारीण रेझ डेड, म्हणजे मेलेल्याला परत आणायचा दुसरा मंत्र, करू शकते, त्याला दहा दिवसांची मुदत असते, ५०० चा हिरा लागेल, तो मिळवायला एक सेशन करू. बाकीचे लगेच तयार झाले, एकाने तर नकाशा पण उघडला.

पण त्या स्पेलच्या नियमात एक ओळ आहे, आत्मा परत यायला राजी असला पाहिजे. म्हणून मी भैरव खेळणाऱ्याकडे वळून विचारलं, भैरवला यायचंय का?

त्याने बराच वेळ घेतला. डोळ्यात पाणी होतं, लपवलं नाही त्याने. मग म्हणाला, "नको. तो थांबला म्हणून तुम्ही पोचलात. परत आला तर मग तो थांबला कशाला?"

मला वाटतं मी आजपर्यंत टेबलावर ऐकलेलं सगळ्यात खरं बोलणं ते होतं. ही गोष्ट माझी नव्हती, मी फक्त ओगर चालवत होते. मी तो १ झाकला असता तर हे उत्तर द्यायची वेळच त्याच्यावर आली नसती, आणि भैरव पुढच्या शनिवारी नेहमीसारखा दाराला कान लावून उभा असता, अजून एक लेव्हल, अजून एक तलवार.

पंधरा मिनिटं आम्ही खेळलोच नाही. भैरवच्या आठवणी काढत बसलो, तो घोड्यांना घाबरायचा, त्याने पहिल्याच सेशनमध्ये चुकीच्या माणसाला अटक करवली होती. पुढच्या वेळी तो नवीन कॅरेक्टर आणणार आहे, बहुतेक बार्ड, म्हणजे गाणी गाणारा भाट, मी घाई करू नको म्हटलंय.

मघाशी क्लेरिकचा मेसेज आला. विचारत होती की इन्व्हेंटरीतला हिरा विकून भैरवच्या घरच्यांना पैसे पाठवता येतील का, त्याला बहीण होती ना. होती, दुसऱ्या सेशनला त्याने एकदाच तिचा उल्लेख केला होता, मी वहीत शोधून काढलं. आता त्या बहिणीला नाव द्यायचंय, ते मी त्यालाच विचारणार आहे.