संगणक सुरू होईपर्यंत वीस वाती

आमच्या घरचा संगणक किती मंद झालाय, ते मला आधी वातींवरून कळलं आणि मग घड्याळावरून. सौ. सकाळी बटण दाबायची आणि कापूस घेऊन शेजारी बसायची. भजनी मंडळाची फाइल उघडून तीत टाइप करता येईपर्यंत तिच्या वीस फुलवाती वळून व्हायच्या. एक दिवस म्हणाली, "अहो, हल्ली बावीस होतात." तेव्हा मी स्टॉपवॉच काढलं. ७ मिनिटं ४० सेकंद.

यंत्राची ओळख करून देतो. २०१२च्या पाडव्याला, म्हणजे दिवाळीच्या, जुळवून घेतलेला डबा. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, एच-६१चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यावर विंडोज ७ होतं. २०१६ साली फुकट मिळत होतं म्हणून त्यावर १० चढवलं. मुलीचं इंजिनिअरिंग याच्यावर झालं, तिच्या लग्नपत्रिकेचा मजकूर याच्यावर जुळवला, आणि आता हिच्या मंडळाचा सगळा कारभार याच्यावर चालतो. दीडशेवर भजनं, वर्गणीचा हिशेब, कोणाकडे कधी कार्यक्रम त्याच्या याद्या.

मी स्वतः ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटवाला होतो. नवीन पोरगा हाताखाली आला की पहिल्या दिवशी त्याला एकच सांगायचो: हात लावायच्या आधी रीडिंग घे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. कितीजणांवर यावरून ओरडलोय, त्याचा हिशेब नाही. घरात मात्र मी स्वतःच नेमकं उलटं केलं. तीन आठवडे नुसता हात लावत बसलो.

पहिला सल्ला मजल्यावरच्या मुलाचा. "काका, व्हायरस आहे." त्यानेच पूर्वी कधीतरी वेग वाढवण्याचं म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. संगणक सुरू झाला की ते आपसूक सुरू व्हायचं, सगळी डिस्क तपासायचं आणि लाल अक्षरांत सांगायचं की तुमचा संगणक मंद आहे. ते माहीत होतंच. ते काढलं. मुदत संपलेला एक अँटिव्हायरस होता, तोही काढला, कारण विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतोच. स्टार्टअपच्या यादीत विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर रोज हजेरी लावत होतं, ते बंद केलं. नवा आकडा ६ मिनिटं ४५. मला फार आनंद झाला. हिने सांगितलं, अठरा वाती.

मग चूक केली. विंडोज ९८च्या काळापासूनची सवय, संगणक मंद झाला की डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे उचलून एका जागी लावणं. रात्री लावलं आणि झोपलो. सकाळी साडेआठ मिनिटं लागली, आणि डब्यातून मधूनच टक्-टक् असा आवाज. मला वाटलं, पंखाच असणार.

म्हणून डबा उघडला. ऐरोलीत राहणाऱ्यांना सांगायला नको, एका बाजूला खाडीची दमट हवा, दुसऱ्या बाजूला ट्रकांची धूळ. तेरा वर्षांत प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, राखाडी नमद्याचा थर जमला होता, पात्यांमधून उजेड दिसत नव्हता. ब्रश आणि ब्लोअरने तो काढला. (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलंत तर भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.) प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले, आमच्याकडे पावसाळ्यात हे करावंच लागतं. तापमान ७८वरून ५१वर आलं. पंख्याचा घोंघाट थांबला. वेळेत फरक पडला दहा सेकंदांचा. आणि टक्-टक् चालूच.

दरम्यान जवळच्या एका दुकानात विचारून आलो. त्याने डबा न बघताच "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या" म्हणून सांगितलं. मुलीला पुण्याला फोन केला, तर तीही तेच म्हणाली, फक्त जरा प्रेमाने. "बाबा, किती दिवस त्या डब्याच्या मागे लागणार? मी पाठवते ना लॅपटॉप."

त्या रात्री चिडून शेवटी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि जुन्या डायरीत रकाने आखून रीडिंग लिहीत बसलो. प्रोसेसर १२ टक्के. मेमरी ८३ टक्के. डिस्क १०० टक्के. दहा मिनिटं झाली तरी १००च. पण खाली बघितलं तर त्या शंभर टक्क्यांत डिस्कमधून वाहत होतं किती, तर सेकंदाला दीड एमबी. आणि प्रतिसादाचा वेळ ९०० मिलिसेकंदांच्या घरात.

प्लँटवर काम केलेल्या कोणालाही हे चित्र ओळखू येईल. कंट्रोल व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडा आणि फ्लो नाही. याचा अर्थ व्हॉल्व्ह आळशी आहे असा होत नाही, लाइन कुठेतरी चोक आहे. तीन आठवडे मी व्हॉल्व्हला तेल घालत बसलो होतो.

फिरत्या डिस्कला मुळातच किती जमतं, ते इथे सांगायला हवं. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य कडीवर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारायला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ऐंशी उड्या. ही नव्या, धडधाकट डिस्कची गोष्ट. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून उचलतं. त्यात रॅम कमी पडली की मावत नाही ते सामान विंडोज डिस्कवरच नेऊन ठेवतं आणि पुन्हा आणतं. उड्या दुप्पट.

माझी डिस्क तर धडधाकटही नव्हती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक छोटं, फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. उघडलं तर पिवळा शेरा. ०५ क्रमांकाच्या ओळीत, खराब झाल्यामुळे ज्यांच्या बदली राखीव जागा वापरली अशा सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या बारक्या कप्प्यांची, संख्या. सी-५च्या ओळीत, धड वाचता येत नाहीत आणि अजून निकालही लागलेला नाही असे सेक्टर. तिथे ३८ दिसलं आणि मी छत्तीस-चाळीस म्हणजे फार नाही असं म्हणणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की हे आकडे दहाच्या नाही, सोळाच्या पायात आहेत. ३८ म्हणजे तीन सोळे आणि वर आठ, ५६. असा एकेक सेक्टर आला की डिस्क तिथेच अडते, पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि तोवर संपूर्ण संगणक हात बांधून उभा राहतो. टक्-टक् तिचीच होती. आणि अशा आजारी डिस्कला मी रात्रभर डीफ्रॅगच्या नावाखाली पळवलं होतं.

त्यानंतर एकही दुरुस्ती केली नाही. आधी माल बाहेर. भजनं, हिशेब, फोटो, या क्रमाने पेन ड्राइव्हवर. भजनं दहा मिनिटांत निघाली, फोटोंना दोन संध्याकाळी लागल्या. तीन फाइली निघाल्याच नाहीत. रिडंडन्सी चेकची, म्हणजे मजकूर धड वाचता न आल्याची, चूक दाखवून कॉपी तिथेच थांबायची. दोन कसल्या होत्या त्या आठवतही नाहीत. तिसरं, मंडळाच्या एका कार्तिकी एकादशीच्या कार्यक्रमाचं चित्रण. त्यात पखवाजाला बसलेले काका आता नाहीत. हिला ते मी दोन दिवसांनी सांगितलं. ती काही बोलली नाही, आणि मला डीफ्रॅगची ती रात्र आठवत राहिली.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला, संगणकाच्या सामानाच्या बाजारात गेलो. घरबसल्या मागवता येतं, पण मला वस्तू हातात धरून घ्यायला आवडतं. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड. २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, सतराशेला, आणि जुन्या मशिनमधून काढलेली ४ जीबीची डीडीआर-३ रॅम साडेचारशेला. बोर्डावर दोनच खाचा, एक रिकामी होती. दुकानदाराने रॅमचा वेग विचारला, १३३३ की १६००? माझ्या प्रोसेसरला १३३३च्या पुढे कळत नाही, १६००ची टाकली तरी ती १३३३नेच चालते. मिळाली ती घेतली.

एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलंय. माझ्या बोर्डावरचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, जुने, ३ गिगाबिटचे, त्यामुळे मला निम्म्याच्या आसपास मिळतं. काही बिघडत नाही. फायदा त्या आकड्यात नाहीच, उड्यांत आहे. हिच्यात फिरायला काही नाही, सरकायला काही नाही, ऐंशीच्या जागी हजारो उड्या होतात. हलणारा भाग नसल्यामुळे बसवायलाही नखरे नाहीत. मी तर दुहेरी चिकटपट्टीने डब्याच्या तळाला लावून टाकली.

जुन्या डिस्कची नक्कल करायचा मोह टाळला आणि विंडोज १० कोरं चढवलं. ते चढवायचा पेन ड्राइव्ह जावयांच्या लॅपटॉपवर करून घेतला. परवान्याची काळजी होती, पण तो मदरबोर्डाशी बांधलेला असतो. इंटरनेट लागल्यावर विंडोजने तो आपल्या आपण ओळखला. एकच घोळ झाला. एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडे प्रमाणपत्र चुकीचं असल्याची ओरड. घड्याळ बघितलं तर संगणक २०१२ सालात बसला होता. बोर्डावरची सीआर-२०३२, ती रुपयाएवढी बॅटरी, संपलेली. मुख्य स्विच बंद केला की तारीख विसरायची. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाली.

बटण ते टायपिंग, ४१ सेकंद. मी डायरीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि हिला हाक मारली.

तिने फाइल उघडली आणि म्हणाली, "अहो, हे काय करून ठेवलंत?" पडद्यावर भजनाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा. क्षणभर माझ्याही पोटात गोळा आला. मग प्रकाश पडला. हिची सगळी भजनं शिवाजी फॉन्टमधली, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीची. त्यात मराठी 'क' म्हणून साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षरच, फक्त फॉन्ट त्याला देवनागरी कपडे घालतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नव्हता, कपडे उतरले. नशिबाने जुन्या डिस्कवरून फॉन्टचा फोल्डरही उचलला होता. टाकला, आणि पांडुरंग पुन्हा दिसायला लागला. आता रोज दोन-दोन भजनं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायचं ठरलंय. ती सांगणार, मी टाइप करणार. वेग बेताचा आहे, पण तो दोष संगणकाचा नाही.

एवढं करूनही हा कायमचा तोडगा नाही. विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, आणि विंडोज ११ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझा दुसऱ्या पिढीचा. सुरक्षेची वाढीव अपडेट्स नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, ती घेतली आहेत. बँकेचं काम यावर करत नाही. विंडोजच्या जागी चालणारं, फुकटचं लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं. पडदा, आवाज, प्रिंटर, सगळं लागलं, शिवाजी फॉन्टही दिसला. हिला मात्र कळफलकावरचा 'ळ' सापडत नाहीये, आणि 'ळ'शिवाय विठ्ठलाच्या टाळांचं आणि माळेचं काय करायचं, असं तिचं म्हणणं. त्याचं रविवारी बघतो.